शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडायला नऊ महिने लागले, त्याची हकिगत

१५ ऑक्टोबर २०२२, शनिवार, सकाळची शाळा. डॉ. कलामांची जयंती, म्हणून राज्यभर वाचन प्रेरणा दिन. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती आणि दोन बाकं जोडून त्यांवर चाळीसेक पुस्तकं मांडली होती. लेकरं तुटून पडली. पाऊण तासानं फोटो झाले, पुस्तकं गोणीत भरली आणि गोणी मोटारसायकलवर बांधून पलीकडच्या वाडीच्या शाळेत गेली, तिथल्या फोटोला. पुस्तकं आमची नव्हतीच. केंद्रशाळेतली, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेतली, ती गोणी त्या दिवशी चार शाळा फिरली.

माझी लेक तेव्हा पाचवीत. बाजारात हरवलेल्या शेरडाची गोष्ट वाचत होती, ती निम्म्यात राहिली. घरी येताना म्हणाली, "मम्मी, आपल्या शाळेत पण पुस्तकांचं कपाट आहे ना? त्यात असंल का ती?"

कपाट होतं. ऑफिसात, राखाडी, लोखंडी, वर खिचडीची जुनी पातेली ठेवलेली. ते उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य असूनही मला कधी तसं विचारावंसं वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

गाव, शाळा, तालुका यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. बालाघाटाच्या डोंगरातलं ऊसतोडीचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते आठवी, पट ११८, एवढं पुरे. मी बारावी झालेली, शिलाईकाम करते, लग्नानंतर चार हंगाम कोयत्यावर गेलेली. त्याआधी सरकारी कागद कधी लिहिला नव्हता. अशी कपाटं बऱ्याच शाळांत आहेत, म्हणून काय काय झालं ते तारखांसकट लिहून ठेवते.

दिवाळीनंतर शाळा भरली तशी मी मुख्याध्यापक सरांना विचारलं. ते म्हणाले, किल्ली ज्या सरांकडे होती त्यांची २०१९ मध्ये बदली झाली, आणि ग्रंथालयाचा चार्ज कुणी घेतलाच नाही. का घेतला नाही? तर चार्ज घ्यायचा म्हणजे दाखल नोंदवहीप्रमाणे पुस्तकं मोजून घ्यायची. मोजली की कमी भरणार. कमी भरली की शेवटची सही ज्याची, वसुली त्याच्याकडून. "ताई, माझी तीन वर्षं राहिली रिटायरमेंटला. बंद कपाटाला कुणी काही विचारत नाही. उघडलं की विचारतात."

मला आधी राग आला. पण रात्री मशीनवर बसल्या बसल्या पटलं की माणूस खोटं बोलत नाहीये. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नसतंच. माध्यमिक शाळेलाही पूर्णवेळ ग्रंथपाल हवा तर पट हजाराच्या वर लागतो. म्हणजे शिकवणं, खिचडी, ऑनलाइन माहित्या हे सगळं करून वर पुस्तकांची चौकीदारी, आणि हरवलं तर खिशातून. अशात कपाटाला कुलूप लागलं नसतं तरच नवल.

कागदोपत्री मात्र आमच्या शाळेत ग्रंथालय होतं. दरवर्षी यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, माहिती भरतात, त्यात ग्रंथालय आहे का, पुस्तकं किती, असे रकाने असतात. आमचं उत्तर होतं 'आहे' आणि '६४०'.

इथे एक गोष्ट फार कामाला आली. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या शेवटी जोडलेलं परिशिष्ट. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असतील, असं त्यात सरळ लिहिलंय. ते पान मी झेरॉक्स करून पर्समध्ये ठेवलं. पुढच्या आठ महिन्यांत दाखवावं लागलं दोनदाच, पण पर्समध्ये आहे म्हटल्यावर बोलताना आवाज कापत नाही.

डिसेंबरच्या मासिक सभेत विषय घेऊ म्हटलं तर कोरमच भरेना. समितीत ७५ टक्के पालक असतात, आणि आमच्या गावात दसऱ्यानंतर निम्मे पालक टोळ्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची तर जावंच लागतं. अध्यक्ष स्वतः कोल्हापूरकडे. फोनवरून होकार देतो म्हणाले, पण सही फोनवरून होत नाही. जानेवारीचीही तारीख गेली. शेवटी २६ जानेवारीला झेंडावंदनाला आलेल्यांना तिथेच बसवून घेतलं. दोघं जण पुतण्याच्या साखरपुड्यासाठी गावी आले होते, त्यांच्यामुळे आकडा भरला. तुमच्याकडेही स्थलांतर असेल तर असे ठराव ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकून घ्या.

ठरावाचे शब्द मी दोनदा बदलून घेतले. आधी लिहिलं होतं, 'ग्रंथालय सुरू करण्यात यावे'. तशानं काही होत नाही. मग लिहिलं: 'ग्रंथालयाचे कपाट गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या प्रतिनिधीसमक्ष उघडून पंचनामा करावा, पुस्तकांची मोजणी करावी, खराब पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा, आणि मोजणीत आढळणारी तूट ही विद्यमान मुख्याध्यापकांची जबाबदारी समजू नये अशी समितीची शिफारस आहे.' (निर्लेखन म्हणजे खराब पुस्तकं नोंदवहीतून रीतसर कमी करणं.) शेवटचं वाक्य वाचून सरांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

६ फेब्रुवारीला पंचायत समितीत अर्ज दिला. आवक-जावकच्या बाईंनी "ठेवा तिथं" म्हणून टोपलीकडे बोट दाखवलं. मी ठेवून आले. ही माझी पहिली चूक. २८ तारखेला गेले तर असा अर्ज आलाच नव्हता. दुसरा दिला, आणि या वेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. कागद दोन प्रतींत घेऊन जायचा आणि पोच घ्यायचीच, मग साहेब ओळखीचे असोत की पाहुण्यातले.

मग १४ मार्चला सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा संप सुरू झाला. शाळाही बंद, कार्यालयंही. २० तारखेला मिटला. २७ ला गेले तेव्हा टेबलांवर आठवड्याचे गठ्ठे पडलेले. त्या खेपेची एकच चांगली आठवण आहे. १७ मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं आणि मला ठाऊकच नव्हतं. कंडक्टरनं पैसे परत दिले तेव्हा मी त्याला म्हटलं, जास्त आले. तो हसला.

साहेब मीटिंगला. विस्तार अधिकारी प्रशिक्षणाला. "फाइल पुटअप केलीय." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं.

१० एप्रिलला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. आपल्या राज्यात तो 'जोडपत्र अ' मध्ये, एका अर्जात एकच विषय, शब्द दीडशेच्या आत, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. मी मागितलं: गेल्या पाच वर्षांत आमच्या शाळेला ग्रंथालयासाठी मिळालेलं अनुदान आणि पुस्तकं यांच्या कागदपत्रांच्या प्रती, आणि माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याची प्रत. इथवर ठीक होतं. पण खाली एक ओळ आणखी खरडली: 'ग्रंथालय बंद ठेवण्यास जबाबदार कर्मचाऱ्यांची नावे द्यावीत.' त्या ओळीनं घोटाळा केला. शाळेत बातमी गेली, दोन मॅडम माझ्याशी बोलेनाशा झाल्या, गावात 'गुरुजींच्या मागं लागली' म्हणून झालं. सासूबाईंना पाणवठ्यावर ऐकावं लागलं. बरं, त्या ओळीचं उत्तर मिळालं नाहीच. नावं मागू नका, कागद मागा. कागदात जे असतं ते आपोआप दिसतं.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं, आलं नाही. २२ मे रोजी प्रथम अपील केलं, 'जोडपत्र ब', २० रुपयांचं स्टॅम्प. चौथ्या दिवशी फोन आला, की माहिती तयार आहे, येऊन घेऊन जा. ५ जूनला गेले. १४ पानं, पानाला २ रुपये, २८ रुपये भरले.

एसटीत बसून ती पानं वाचली. अकराव्या पानावर एक पावती होती. समग्र शिक्षाच्या ग्रंथालय निधीतून आमच्या शाळेला ६० पुस्तकं दिल्याची, २०१९ ची, खाली शाळेचा शिक्का. पहिली ते आठवीच्या शाळेला या निधीतून वर्षाला १३,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात, हेही तेव्हाच कळलं. पण शाळेच्या दाखल नोंदवहीत २०१६ नंतर एकही नोंद नव्हती. वही मी पाहिली होती. मग ती साठ पुस्तकं कुठे होती?

पावती सरांना दाखवली. आधी त्यांचा चेहरा पडला, मग म्हणाले, "आता मात्र उघडावंच लागल." त्या एका कागदानं पंचायत समितीतही हालचाल झाली. उन्हाळ्याची सुट्टी संपून १५ जूनला शाळा भरली आणि जुलैत पत्र आलं: २१ तारखेला विस्तार अधिकारी येतील.

२१ जुलै २०२३, शुक्रवार, बारीक पाऊस. विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, सर, अध्यक्ष आणि मी. वेल्डिंगवाला ग्राइंडर घेऊन आला, १५० रुपये. सगळी शाळा खिडकीत. कुलूप तुटलं, दार उघडलं, आणि आधी वास आला. उंदरांचं घर, वाळवीची माती, ओल. खालच्या दोन खणांतली पुस्तकं हात लावला की भुकटी. वरचे खण बरे होते. 'खडू-फळा' योजनेच्या शिक्क्याची पुस्तकं होती, म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासची. आणि सगळ्यात वर, खाकी कागदात, सुतळीची गाठसुद्धा न सुटलेला गठ्ठा. साठच्या साठ.

मोजायला संध्याकाळ झाली. नोंदवहीत ६४०. सापडली ४८७. त्यातली १३९ खराब झालेली. धड राहिली ३४८, अधिक गठ्ठ्यातली ६०. गहाळ १५३.

गहाळ पुस्तकांच्या किमती नोंदवहीत होत्याच. केंद्रप्रमुखांनी मोबाइलवर बेरीज केली, मग पुन्हा केली. चार रुपयांचं पुस्तक, सहाचं, साडेबाराचं. एकशे त्रेपन्न पुस्तकांचे मिळून ३,२१८ रुपये. कुणी काही बोललं नाही. एवढ्या रकमेच्या धास्तीनं चार वर्षं कपाट बंद होतं, आणि त्या चार वर्षांत पोरांची अख्खी एक बॅच पाचवीतून आठवी पार करून गेली.

वसुलीचं भूत उतरवायला अजून एक कागद उपयोगी पडला, तो विस्तार अधिकाऱ्यांनीच काढला. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम २०१७, नियम २१५. वर्षभरात दिल्या-घेतल्या जाणाऱ्या हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते गैर धरू नये, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी, असं त्यात आहे. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, जिल्हा परिषदेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी आम्ही प्रस्तावाला त्याची प्रत जोडली. सरकार स्वतःच म्हणतंय की वापरलेलं पुस्तक हरवू शकतं, एवढं वाचूनच मॅडम लोकांचा जीव भांड्यात पडला.

शेरडाची गोष्ट त्या गठ्ठ्यातच होती. सगळ्या शाळांना एकच संच गेलेला. लेकीनं उभ्याउभ्या उरलेली पानं वाचली आणि म्हणाली, "एवढंच?" नऊ महिन्यांत तिनं मनात शेवट बराच मोठा केला होता.

(किल्ली ऑगस्टमध्ये सापडली. जुन्या हजेरीपटात, पाकिटात, वर 'ग्रंथालय' असं लिहून चिकटवलेली. बदलून गेलेल्या सरांनी रीतसर ठेवली होती. त्यांच्याबद्दल मी नाही नाही ते बोलले होते, म्हणून फोन करून माफी मागितली.)

निर्लेखनाचा प्रस्ताव तीन प्रतींत गेला: दाखल क्रमांक, नाव, किंमत, खराबीचं कारण, सोबत फोटो. मंजुरी येईपर्यंत ती १३९ पुस्तकं फेकता येत नाहीत, म्हणून खतांच्या गोण्यांत बांधून माळ्यावर टाकली. त्या मंजुरीची वाट न पाहता धड पुस्तकं १५ ऑगस्टला खुली केली.

खर्च फार नाही. पहिल्या महिन्यात दोरी, चिमटे, चिकटपट्टी, दोन जाड वह्या, डांबरगोळ्या, नवं कुलूप मिळून ६४० रुपये, ते समितीनं वर्गणी करून दिले. पुस्तकं कपाटात न ठेवता भिंतीला दोरी बांधून चिमट्यांनी लटकवली, कारण कपाट दिसलं की लेकरं लांबूनच जातात. देवघेवीची वही सातवीच्या दोन मुली सांभाळतात. नव्या वाचनासाठी पैसे नव्हते, तेव्हा बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक कामाला आले, ते संकेतस्थळावर मोफत आहेत. मॅडमनी काही पानं छापून आणली. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं अजूनही स्वस्तात मिळतात, बक्षिसाला पेनऐवजी ती द्यायची असं ठरलं.

एक गोष्ट मात्र साफ चुकली. सोप्या पुस्तकांना लाल पट्टी, मधल्यांना पिवळी, अवघड ती निळी असं आम्ही केलं होतं. दहा दिवसांत लक्षात आलं की सातवीतला एक मुलगा रोज लाल पट्टीचं पुस्तक नेतो आणि वहीत धाकट्या भावाचं नाव लिहायला सांगतो. भाऊ अंगणवाडीत. मुलगा दरवर्षी सहा महिने फडावर, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत. जोडाक्षरापाशी अडकतो. उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नाही असं नाही, उतारा संपेपर्यंत वेळच संपतो. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या त्याच्या वयाच्या पोरांना घरी पुस्तकं असतात, नाहीतर मोबाइलला रिचार्ज तरी असतो. याच्या घरात छापलेला कागद म्हणजे पाठ्यपुस्तक आणि कारखान्याची वजनपावती. आम्ही त्याच संध्याकाळी सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या. दिवाळीपर्यंत त्यानं स्वतःच्या नावावर अठरा पुस्तकं नेली. सगळी पातळ, पण अठरा.

सप्टेंबरअखेर खरं भांडण झालं. टोळ्या निघायच्या होत्या. काही लेकरं आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, पण अकरा जण आईबापांबरोबर जाणार होते. त्यांना पुस्तकं द्यायची का? सभेत एक जण म्हणाले, "चुलीत जातील." मी कोयत्यावर गेलेली, मला माहीत होतं की जाऊही शकतात, पहाटे थंडी फार असते. तरी म्हटलं, ज्यांच्या पोरांना गावात राहायला मिळतं त्यांनाच पुस्तकं द्यायची तर दोऱ्या बांधल्या कशाला? दीड तास खल झाला. शेवटी प्रत्येकाला तीन, प्लॅस्टिकच्या पिशवीत, समितीच्या जबाबदारीवर. ३३ पुस्तकं, दाखल क्रमांकासकट यादी, आईबापाचा अंगठा किंवा सही.

हंगामात दोनदा फोन केले, तेवढंच. एका आईनं सांगितलं, रात्री बॅटरीच्या उजेडात मोठी वाचते, बाकीच्या कोपीतली लेकरं येऊन बसतात. ती दुसऱ्या तालुक्यातली, आमच्या पटावरची नाहीत.

एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर परत आले. पिशव्या एकेक करून शाळेत आल्या. काकवीचे डाग, कोपरे दुमडलेले, एका पुस्तकात उसाचं पाचट खूण म्हणून घातलेलं. मोजली, २७. सहा कमी. त्यातली दोन शेजारच्या टोळीतल्या मुलीला 'वाचायला दिली', तिचं गाव आठवत नाही. एक पावसात. उरलेल्या तीन पुस्तकांचं काहीच सांगता आलं नाही, आणि आम्हीही फार खोदलं नाही.

सहा पुस्तकांची किंमत २१० रुपये. सरांनी नोंदवही उघडली, सहाही क्रमांकांपुढे 'वापरात गहाळ' असा शेरा मारला आणि खाली सही केली. कुणी सांगितलं नव्हतं.

माझा स्वतःचा खर्च म्हणाल तर एसटी, स्टॅम्प, झेरॉक्स मिळून सहाशेच्या आत, आणि शिलाईचे बुडलेले सहा दिवस. निर्लेखनाचा प्रस्ताव अजून पंचायत समितीत आहे, गोण्या माळ्यावर आहेत, आणि आवक क्रमांक माझ्या पर्समध्ये.